कोल्हापुरात १९६७ ची ‘फुल रिस्टोर्ड’ जावा मोटरसायकल विकाऊ आहे. घ्यावी का? पैसे देण्याआधी काय तपासू?

तुम्ही गडहिंग्लजहून गाडी बघायला येणार, मालक १ लाख ६० हजार सांगतात, कागद ‘क्लिअर’ आहेत म्हणतात, आणि जुन्या गाडीचा तुम्हाला अनुभव नाही, असं प्रश्नात लिहिलंय. माझ्याकडे गेली अकरा वर्षं १९६९ ची जावा आहे. रविवारी सकाळी तिच्यावरून रंकाळ्याला जाऊन येतो. त्याआधी एका गाडीत पैसे घालवून बसलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ती गोष्ट. काळी, आरशासारखी चमकणारी येझदी मोटरसायकल होती. टाकीवर हात फिरवला आणि तिथंच माझा निकाल लागला. विकणाऱ्यानं आरसी बुक दाखवलं, मी वरवर बघितलं आणि पैसे मोजले. आरटीओत नाव लावायला गेलो तेव्हा चेसी नंबर, म्हणजे सांगाड्यावर कोरलेला नंबर, घासून बघितला गेला. आकडे एका ओळीत नव्हते. शेवटचे तीन आकडे बाकीच्यांपेक्षा खोल गेलेले, ८ तर दोनदा पंच मारल्यासारखा, आणि त्याभोवतीचा पत्रा ग्राइंडर फिरवल्यासारखा गुळगुळीत. कागद एका गाडीचे, सांगाडा दुसऱ्याच गाडीचा. चार वर्षं ती गाडी आमच्या जिन्याखाली उभी राहिली. पुढे विकताही येईना, कारण मी दुसऱ्या कुणाला कसा फसवणार?

म्हणून आधी नंबर बघा, बाकी सगळं नंतर. सोबत टॉर्च, रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि एक चुंबक घेऊन या. चेसी नंबर हँडलच्या खाली, सांगाड्याच्या मानेवर असतो आणि इंजिन नंबर केसिंगवर. ग्रीस-धूळ पुसून दोन्ही आकडे आरसीशी एकेक करून ताडा. नंबरावर रंगाचा जाड थर असेल तर तो थोडा खरवडायची परवानगी मागा. मालक नको म्हणाले तर चहा घेऊन परत फिरा.

कागदांत आणखी दोन गोष्टी बघा. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद बऱ्याचदा जाडजूड रजिस्टरमध्येच राहिलेली असते, परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर दिसतच नाही. नंबर टाकून स्वतः बघा. दिसला नाही तर ती ऑनलाइन नोंद मालकांनीच करून द्यायची, असं व्यवहाराआधी ठरवा. दुसरं, आरसीवरचं नाव हयात माणसाचं आहे का? साधी विक्री असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतात, पण मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी यावी लागते, त्याला फॉर्म ३१. ‘वडिलांच्या नावावर आहे, सही मी करतो’ हे ऐकून घेऊ नका.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणजे २०२१ च्या नियमानुसार ती ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. लोकांना वाटतं हा मानाचा शिक्का, लगेच घ्यावा. पण तशी नोंद केली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नव्या नोंदणीची फीही २० हजार आहे. तुम्हाला चालवायला हवी असेल तर चालू नोंदणीचंच नूतनीकरण करत राहा.

आता इंजिन. मालकांना आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर आधी सिलेंडरवर हात ठेवा, तो गार पाहिजे. गार इंजिनला सुरुवातीला धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. पण पाच-सात मिनिटांनीही पांढरा दाट धूर थांबत नसेल, तर क्रँकचं ऑइल सील गेलेलं असतं आणि गिअरबॉक्सचं ऑइल आत खेचलं जात असतं. सील स्वस्त, पण तिथवर पोचायला इंजिन खोलावं लागतं. जावाला किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात, आणि गिअर टाकताना ती दांडी स्वतःच क्लच सोडवते. चालवून बघताना एकदा क्लच न दाबता गिअर बदलून बघा. सहज पडला तर समजा कुणातरी जाणकार मिस्त्रीचा हात लागलाय.

चुंबक टाकीवर आणि मडगार्डवर फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

‘सिलेंडर नवीन बोअर केलाय’ असं सांगतील. बोअर म्हणजे सिलेंडरचं आतलं भोक, झिजलं की ते कापून मोठं करतात. विचारा, कितवा बोअर? मूळ ६५ मिलिमीटरचा बोअर दर वेळी पाव मिलिमीटरनं वाढवत जातात, शेवटी लोखंड उरत नाही. तरी याची फार धास्ती घेऊ नका. लेथ-कारखान्यांचं आपलं उद्यमनगर कशाला आहे? माझी जावा पन्हाळ्याकडच्या एका गोठ्यातून आणली तेव्हा सीटवर कोंबड्या बसायच्या आणि पिस्टन जॅम होता. लेथवरच्या मामांनी सिलेंडरला आतून नवी स्लीव्ह (लोखंडी नळी) टाकून दिली, ती आजतागायत चालतेय. ऑइल इंजिनं घडवलेल्या या शहरात लोखंडाचं काम अडत नाही. अडतं ते नंबराशी आणि कागदाशी.

एक मात्र जपा. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पाणी धरून टाकी गंजवतं. नळ्या बदला, उभी ठेवताना टाकी रिकामी करा. पार्टसाठी २०१८ पासूनच्या नव्या जावाच्या भरवशावर राहू नका, त्या फोर-स्ट्रोक आहेत, नावापलीकडे साम्य नाही.

जावाऐवजी राजदूतची जुनी आरडी ३५० बघू का, असंही विचारलंय. पहिलीच जुनी गाडी असेल तर नको. पार्टच्या शोधातच जीव दमेल.

किमतीचं म्हणाल तर नंबर जुळले, नाव हयात मालकाचं असलं आणि इंजिन गार असताना दोन-तीन किकमध्ये उठलं, तर ही गाडी हातची जाऊ देऊ नका. भाव करताना दोन-चार हजारांसाठी ताणण्यापेक्षा एक गोष्ट मागा. रिस्टोर करताना काढलेले मूळ पार्ट कुठं आहेत? जुना जिकोव्ह कार्बोरेटर, मूळ सायलेन्सर, टाकीची गुडघ्याजवळची रबरं, हेडलाइटमधला मीटर. बहुतेकांच्या माळ्यावर ते एखाद्या पोत्यात पडलेले असतात आणि त्यांना त्याची किंमत नसते. ते पोतं गाडीबरोबरच घेऊन या.