मिथुन, तूळ आणि पन्नाशीतले हृदयतज्ज्ञ

“मॅडम, या वयात हे डोक्यात शिरेल का?” मोठ्या वयात नवं काही शिकू पाहणाऱ्यांना मी मदत करते, आणि हा प्रश्न ठरलेलाच. बँकेतले अधिकारी हे विचारतात, शिक्षिका विचारतात, दुकान मुलाच्या हाती सोपवून मोडी लिपी शिकायला निघालेले एक काकाही विचारून गेले. पण हाच प्रश्न घेऊन एक नावाजलेले हृदयतज्ज्ञ समोर बसले तेव्हा मला नवल वाटलं होतं. (त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून लिहिते आहे.)

वय 51. आठवड्यातले चार दिवस कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात ती खोली, रोज संध्याकाळी ओपीडी. संख्याशास्त्राचा पुढचा अभ्यास करायचा म्हणून त्यांनी तीनदा ऑनलाइन कोर्सचे पैसे भरले आणि तिन्ही वेळा तिसऱ्या आठवड्यात तो सोडला. निमित्त घडलं होतं जर्नल क्लबमध्ये, म्हणजे डॉक्टर मिळून नवे शोधनिबंध वाचतात त्या बैठकीत. एका शिकाऊ डॉक्टर मुलीने विचारलं, “सर, दोन गटांतले किती रुग्ण जगले ते दाखवणाऱ्या या रेषा मध्येच एकमेकींना छेदतायत. मग दोन्ही गटांतला फरक एकाच हॅझर्ड रेशोने सांगणं बरोबर आहे का?” (हॅझर्ड रेशो म्हणजे एका गटातला धोका दुसऱ्याच्या किती पट, ते सांगणारा आकडा.) सरांना उत्तर येत नव्हतं. “वेळ कमी आहे, पुढे चला,” म्हणून त्यांनी विषय गुंडाळला. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही.

“बारावीला गणित सोडलं ते सोडलंच,” ते म्हणाले. “एमबीबीएसला पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या पेपरापुरतं पाठ केलं. एमडीच्या थिसिसचे आकडे एका माणसाकडे दिले, त्याने पी व्हॅल्यू काढून दिली. झालं.”

पहिल्या भेटीत मी वेळापत्रक करून दिलं. पहाटे साडेपाच ते साडेसहा, मोबाइल बंद. अकरा दिवस चाललं. बाराव्या पहाटे हार्ट अटॅकचा पेशंट आला, आणि वही मिटली ती पुन्हा उघडली नाही. चूक माझी होती. त्यांना वेळ मिळत नाही हे खरं, पण त्यांचं दुखणं ते नव्हतं.

ते सापडलं गप्पांच्या ओघात. दुसऱ्या भेटीत मी सहज ॲस्पिरिनबद्दल विचारलं, तर ते खुलले. 1988 साली हार्ट अटॅकच्या रुग्णांवरचा आयसिस-2 हा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला, 17,187 रुग्णांचा. ॲस्पिरिनने मृत्यू कमी होतात हे त्यात स्पष्ट दिसलं. छापण्याआधी अमक्या वयात काय, तमक्या आजारात काय, अशी फोड मागितली गेली होती. संशोधकांनी मुद्दाम राशींप्रमाणेही फोड करून दाखवली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना म्हणे ॲस्पिरिन थोडं बाधलंच! “म्हणजे आकड्यांचे पुरेसे तुकडे केले की कुठल्या तरी तुकड्यात काहीही दिसतं,” डॉक्टर हसत म्हणाले. “माझी रास तूळ आहे, तरी मी घेईन.”

आणि दहाच मिनिटांनी पुन्हा, “मला स्टॅटिस्टिक्स कळत नाही हो.”

मी त्यांना थांबवलं. “मघाशी मला जे समजावलंत ते काय होतं?”

ते बघतच राहिले. मी पुढे विचारलं, “पहिली अँजिओप्लास्टी कशी शिकलात?”

“आमचे सर शेजारी उभे होते. वायर पुढे जाईना, तेव्हा त्यांनी नुसतं माझं मनगट धरलं.”

“आणि हा विषय?”

“हा… रात्री, दार लावून. एकटाच.” बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “कुणाला कळायला नको होतं, मॅडम.”

कॅथलॅबमध्ये वीस वर्षं ज्याचा शब्द अखेरचा असतो, त्याला पहिलीच्या बाकावर बसणं अवघड जातं. बुद्धी शाबूत असते, मान झुकत नाही. हे मी त्यांना याच शब्दांत सांगितलं नाही, पण साधारण असंच.

जर्नल क्लबमधल्या त्या मुलीलाच विचारा, असं मी सुचवलं. त्यांनी साफ नकार दिला आणि मीही ताणलं नाही. मग आठवले ते थिसिसचे आकडे सोडवून देणारे गृहस्थ, जवळच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारे. ठरलं असं, की कोर्स बंद. दर शनिवारी दुपारी दोन तास त्यांच्या शेजारी बसायचं, आपल्याच रुग्णांचे आकडे आणि आपलाच एक प्रश्न घेऊन.

दीड महिन्याने डॉक्टर आले ते गोष्ट घेऊनच. अमेरिकेत स्टॅनफर्डला हृदयारोपणं सुरू झाली तेव्हा वाटलं, नवं हृदय मिळालेले रुग्ण न मिळालेल्यांपेक्षा कितीतरी जास्त जगतात. 1972 साली मिचेल गेल यांनी त्यावर बोट ठेवलं: दाता मिळेपर्यंत जो जगला, त्यालाच हृदय मिळालं. वाट पाहता पाहता जे गेले, ते आपोआप दुसऱ्या गटात. ‘आर’ या मोफत संगणकभाषेत ते 103 रुग्ण आजही सरावासाठी मिळतात. “उपाय किती साधा आहे बघा,” डॉक्टर टेबलावर बोटाने रेघ ओढत म्हणाले. “आरोपणाच्या दिवसापर्यंत रुग्णाला ‘हृदय न मिळालेला’ धरायचं, आणि त्या दिवसापासून पुढे ‘मिळालेला’.”

मग आवाज उतरला. हार्ट अटॅकनंतर तीन महिन्यांचा व्यायामाचा कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या आपल्या रुग्णांत मृत्यू फार कमी, हे त्यांनी दोन परिषदांत मांडलं होतं. पण कार्यक्रम पूर्ण करायला आधी तीन महिने जगायला हवं, आणि धोका तर सुरुवातीच्या आठवड्यांतच सगळ्यात जास्त. नव्या पद्धतीने मोजल्यावर फरक उरला, पण किरकोळ.

“न शिकतो तर बरं होतं, असं वाटलं एक दिवस,” ते म्हणाले. त्यावर मी काही बोलले नाही. पाणी पुढे केलं.

पुढच्या जर्नल क्लबमध्ये त्यांनी स्वतःचाच जुना आलेख पडद्यावर लावला आणि चूक कुठे आहे ते विचारलं. त्याच मुलीने ओळखली. आता शनिवारी तीही येते, आणि डॉक्टरांचा कोड चालेनासा झाला की एरर बहुतेक वेळा तीच शोधते.

हॉस्पिटलच्या जिन्यात मात्र व्यायामाने मृत्यू कमी होतात असं सांगणारा तो जुना आकडा मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. बोर्ड काढायला सांगायचा, की नुसता आकडा बदलून घ्यायचा, हे अजून ठरलेलं नाही. पुढच्या भेटीत त्यावर बोलू, असं म्हणून ते ओपीडीला पळाले.