चिमणीतून धूर दिसत नाही, मग हवा चांगली झाली का?

प्रश्न : आम्ही चंद्रपूरला थर्मलच्या (कोळशावरच्या वीज केंद्राच्या) जवळ, दुर्गापूरला राहतो. गच्चीवर सकाळी कपडे वाळत टाकले की संध्याकाळपर्यंत त्यावर बारीक राख बसते. मिस्टर म्हणतात की चिमण्यांना फिल्टर असतात, पूर्वीसारखा काळा धूर आता येत नाही, म्हणजे हवा सुधारली. मुलाला दम्याचा त्रास आहे म्हणून विचारतेय, खरंच सुधारलीय का?
– एक वाचक, दुर्गापूर

उत्तर : ताई, आधी गच्चीवरची ती धूळ बोटांत चोळून बघा. करडी आणि पावडरीसारखी गुळगुळीत लागली तर बहुतेक थर्मलची राख, काळी आणि कचकच करणारी असेल तर कोळशाची धूळ, म्हणजे खाण, ट्रक, रेल्वेची कोळशाची सायडिंग यांच्याकडून आलेली. तुमच्या भागात दोन्ही असणार.

मिस्टर म्हणतात तो फिल्टर म्हणजे ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर). त्यात हाय व्होल्टेजने राखेच्या कणांना चार्ज देतात, ते लोखंडी पत्र्यांना चिकटतात, मग पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खाली हॉपरमध्ये जाते. नीट चालला तर ९९ टक्क्यांच्या वर राख धरतो. पण आपल्या कोळशात राखच ३५-४० टक्के, त्यामुळे एखादी फील्ड (ईएसपीचा एक भाग) बंद पडली तरी लगेच फरक पडतो, म्हणून मेंटेनन्सला पर्याय नाही.

आता मुलाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं सांगते. ईएसपी फक्त कण धरतो, सल्फर डायऑक्साइड त्यातून सरळ बाहेर जातो, हा गॅस दिसत नाही, पण दमा असलेल्याची श्वासनलिका त्याने आवळते, आणि पुढे हवेत त्याचेच सल्फेटचे अतिसूक्ष्म कण बनतात जे फुप्फुसात खोलवर जातात. त्यामुळे धूर दिसत नाही एवढ्यावर हवा सुधारली असं मी तरी म्हणणार नाही.

प्रश्न : आपल्या कोळशात गंधक कमीच असतं ना, मग धुरातला सल्फर डायऑक्साइड काढणाऱ्या एफजीडी यंत्रणेवर एवढा खर्च कशाला?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : कमी आहे, साधारण अर्धा टक्का. पण कोळसा किती जळतो ते बघा की. ५०० मेगावॅटचं एक युनिट फुल लोडवर दिवसाला ढोबळमानाने ७ हजार टन कोळसा खातं, म्हणजे ३५ टन गंधक, आणि जळल्यावर त्याचं वजन दुप्पट होतं, म्हणजे जवळपास ७० टन सल्फर डायऑक्साइड, एका दिवसात, एका युनिटमधून! चंद्रपूरला अशी ५ युनिट्स आहेत, शिवाय २१० ची दोन. उंच चिमणीने हा गॅस फक्त लांब जातो, नाहीसा होत नाही.

एफजीडीमध्ये धुरावर चुनखडीचं पाणी फवारतात, गॅस त्यात शोषला जातो आणि जिप्सम मिळतं. चुनखडी चंद्रपूर जिल्ह्यातच आहे आणि जिप्सम लागणारे सिमेंट कारखानेही तिथेच, म्हणून मला तरी तिथे एफजीडी नको म्हणणं पटत नाही. आणि हे काही नवीन नाही, आपल्या डहाणूच्या ५०० मेगावॅटच्या प्लांटला समुद्राच्या पाण्यावर चालणारं एफजीडी २००७ मध्येच बसलं. ते आपोआप नाही बसलं, तिथले लोक आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींचं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण वर्षानुवर्षं मागे लागलं तेव्हा बसलं.

केंद्राने २०१५ च्या डिसेंबरात थर्मलच्या धुरासाठी कडक नियम काढले, मुदत २०१७ ची, मग ती वाढतच गेली आणि जुलै २०२५ मध्ये तर बहुतेक युनिटांना सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूटच दिली. १० लाखांवर वस्तीच्या शहरांपासून १० किलोमीटरच्या आतल्यांना एफजीडी लावावंच लागेल. चंद्रपूरसारख्या अतिप्रदूषित ठिकाणी मात्र प्रत्येक केस बघून समिती ठरवणार. म्हणजे तिथला निर्णय अजून हलवता येतो. दुर्गापूरच्या ताईंनी आणि शेजाऱ्यांनी चिमणीवरच्या ऑनलाइन मीटरचे सल्फर डायऑक्साइडचे आकडे माहिती अधिकारात प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून मागवावेत, युनिटनुसार आणि तारखेनुसार, नुसती सरासरी घेऊ नका. आणि मुलाचा इन्हेलर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.