नवऱ्याच्या नावावरचा परवाना

प्रश्न : अल्जीरिया, मोरोक्को या देशांतून फ्रान्समध्ये गेलेल्या स्त्रिया मोकळ्या समाजात राहूनही घराशी आणि रूढींशी इतक्या बांधलेल्या का राहिल्या? याचे कारण केवळ धर्म आहे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : धर्माचा आणि पुरुषी धाकाचा वाटा मी नाकारत नाही, परंतु या बंधनांपैकी काही खुद्द फ्रान्सच्या कायद्यानेच घातली होती, आणि त्यांकडे आपले लक्ष क्वचितच जाते. जुलै १९७४ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबल्यावर या स्त्रिया मुख्यतः आधी गेलेल्या कामगारांच्या बायका म्हणून तेथे पोहोचल्या, आणि एप्रिल १९७६ च्या हुकमाने कुटुंबीयांना आणण्याची रीतसर वाट खुली झाली. मात्र नोव्हेंबर १९७७ मध्ये सरकारने नवी अट घातली, की जे कुटुंबीय नोकरी मागणार नाहीत त्यांनाच प्रवेश मिळेल. बाईने यावे, पण कमावू नये, असाच त्याचा अर्थ होता. तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ८ डिसेंबर १९७८ रोजी हा हुकूम रद्द केला, हे त्या स्त्रियांचे मोठेच भाग्य. (अमेरिकेत नोकरदार नवऱ्यामागून एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर, ज्यावर सहसा नोकरी करता येत नाही, गेलेल्या आपल्या मराठी मुलींना या अटीचा जाच वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.)

दुसरे बंधन अधिक खोल होते. फ्रान्स आणि मोरोक्को यांच्यात १९८१ मध्ये झालेल्या करारानुसार, पती-पत्नी दोघेही मोरोक्कोचे नागरिक असतील तर त्यांच्या घटस्फोटाला मोरोक्कोचा कायदा लागू होई. आणि २००४ च्या सुधारणेपूर्वी त्या कायद्यात पतीला एकतर्फी तलाकाची मुभा होती. म्हणजे बाई राहायची पॅरिसजवळ, पण तिच्या संसाराचा निवाडा व्हायचा माहेरच्या देशाच्या नियमाने.

मुलींची गोष्टही याहून फार निराळी नाही. वडील मोरोक्कोचे असल्यास फ्रान्समधील लियाँ शहरात जन्मलेली मुलगीही मोरोक्कोची नागरिक ठरते, आणि मुस्लिम स्त्रीने इस्लाम न स्वीकारलेल्या पुरुषाशी केलेला विवाह मोरोक्कोचा कायदा आजही मानत नाही. त्यामुळे मुलीने वर्गमित्राशी लग्न ठरवले की आई जी हट्टाने आड येते, त्या हट्टात रूढी तर असतेच; पण आजोळच्या देशात हे लग्न ग्राह्य धरले जाणार नाही, ही खरी काळजीही असते. तिला नुसते बुरसटलेली म्हणून मोकळे होणे मला अन्यायाचे वाटते.