बास वाढत नाहीत? आणखी सोडू नका, काढा

"दोन एकरांचं तळं, तीन वर्षं झाली, गळाला लागतो तो प्रत्येक बास बारा इंची. नवीन पिल्लं सोडू का?" हे वाचलं आणि माझे जुने दिवस आठवले. एकही सोडू नका. (बास म्हणजे इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा.)

माझंही तळं तुमच्यासारखंच पूर्व टेक्सासात, दीड एकराचं. आधी ब्लूगिल (बासचं खाद्य होणारा छोटा मासा), मग बास, हे तुम्ही केलंच असेल. माझी चूक पुढची. लागलेला प्रत्येक मासा मी अलगद पाण्यात परत सोडायचो. आम्ही वरणभातवाले, मारायला हात धजेना. शिवाय, मोठा व्हायचाय तो मारायचा कशाला? चौथ्या वर्षी नीट बघितलं तर डोकं पैलवानाचं आणि मागचं अंग सुक्या बोंबलाचं. बारा इंची धडधाकट बास पाऊण पाउंडाच्या वर भरतो; माझा काटा अर्ध्यावरच अडायचा.

मग मासे पुरवणाऱ्या एकाला फोन केला, नाव घेत नाही. तळं न बघताच म्हणाला, "रक्त जुनं झालंय, फ्लोरिडा वाणाचे शंभर टाका." टाकले! पैशांचं जाऊ द्या, आणखी दोन वर्षं पाण्यात गेली. वाण चांगलाच आहे हो, पण खायलाच नसेल तर वाण काय चाटायचा? बासच्या अंगावर एक पाउंड चढायला त्याच्या पोटात साधारण दहा पाउंड मासे जावे लागतात. आधीच उपाशी पंगत, त्यात मी शंभर पाहुणे बसवले.

शेवटी काढायला लागलो. एकरी २० ते ३० पाउंड, दरवर्षी, चौदा इंचांच्या आतले. पहिल्या वर्षी सत्तरेक निघाले. ह्यूस्टनचे मालवणी मित्र कूलर घेऊन यायचे. आगळ-मसाला लावून रव्यात तळलेला बास त्यांना सुरमईपुढे फिका वाटतो, पण फुकट आहे म्हणून चालतो. तिसऱ्या वर्षी सात पाउंडांची मादी लागली. तिला मात्र फोटो काढून लगेच सोडली. मोठा मासा बहुतेक मादीच असतो, हे ध्यानात ठेवा.

मी काही मत्स्यतज्ज्ञ नाही, पोटापाण्याला कोडिंग करतो. तुमचं पाणी वेगळं असेल. आपल्या भागातली माती आम्लधर्मी, तेव्हा माशांचं खाद्य वाढावं म्हणून तळ्यात खत ओतण्याआधी पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल शमवण्याची ताकद) तपासा. २० पीपीएमच्या (दहा लाखांत वीस भाग) खाली असेल तर आधी शेतीचा चुना, नाहीतर खताचे पैसे वाया. शेवाळावरचं औषध उन्हाळ्यात सगळ्या तळ्यात एकदम मारू नका. मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि सकाळी मासे उताणे. पाण्यातलं गवत खाणारा गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडायचा तर टेक्सासात आधी परवाना लागतो.

आणि हो, स्वयंपाकघरातला काटा न्या, अंदाज नको. पुढच्या वीस माशांची लांबी आणि वजन लिहून इथे टाका, मग किती काढायचे ते बघू.