अंदमानची बोट, द्राक्षाचा हंगाम आणि चार लाखांची ठेव

निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदार वाचकांनी विचारले आहे की, तीन मित्रांसह फेब्रुवारीत अंदमानला जाऊन चार दिवस चार्टर बोटीवरून खोल समुद्रात गळाने मासेमारी करण्याचा बेत ठरत असून, त्यासाठी मुदत ठेव मोडावी की पत्नीचे दागिने तारण ठेवावेत. त्यांच्या वाट्याचा खर्च असा आहे: बोट ६०,००० रुपये, विमान, फेरीबोट व मुक्काम ४५,००० आणि नवे रॉड, रील व इतर सामान ८०,०००, एकूण १,८५,०००. बोटीचे निम्मे पैसे, म्हणजे ३०,००० रुपये, डिसेंबरअखेर भरायचे आहेत आणि ते परत मिळणार नाहीत. हाताशी ४ लाखांची ठेव व बचत खात्यात ४५,००० रुपये आहेत, पीक कर्ज २,७५,००० आहे आणि घरखर्च महिन्याला ३५,००० आहे.

आपली इच्छा मला मुळीच अवाजवी वाटत नाही. अनेक वर्षे मनात जपलेल्या छंदासाठी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एकदा मोठा खर्च करणे हे घराच्या अंदाजपत्रकात बसायलाच हवे. माझी हरकत तारखेला आहे आणि पैसा कोणत्या खात्यातून येणार याला आहे.

आपण लिहिता की सहा महिन्यांच्या घरखर्चाचे २,१०,००० बाजूला ठेवले तर ठेवीतील १,९०,००० मोकळे राहतात आणि सहल त्यात बसते. सहा महिन्यांचा हा नियम पगारदार माणसासाठी आहे, कारण नोकरी गेली तरी काही महिन्यांत दुसरी मिळण्याची शक्यता असते. द्राक्षबागेचे उत्पन्न वर्षातून एकदाच येते. फेब्रुवारी-मार्चमधील अवकाळी पावसाने किंवा गारपिटीने माल गेला, तर पुढचा पैसा थेट पुढच्या हंगामात दिसतो आणि मधल्या काळात एप्रिलची खरड छाटणी (हंगामानंतर वेली खोलवर छाटणे), खते, औषधे, मजुरी हे सगळे थांबवता येत नाही. आपल्यासाठी राखीव रक्कम निदान बारा महिन्यांच्या घरखर्चाइतकी, म्हणजे ४,२०,००० असायला हवी. त्या हिशेबाने ठेवीतील एकही रुपया आज मोकळा नाही.

दागिने तारण ठेवण्याबद्दल थोडक्यात सांगतो: तो पर्याय सोडून द्यावा. औषधोपचारासाठी किंवा बाग वाचवण्यासाठी सोने गहाण पडणे समजू शकते, सहलीसाठी नव्हे. ठेव मोडल्यास जितके दिवस ती राहिली त्या मुदतीचा दर लागू होतो आणि त्यातूनही बहुधा अर्धा ते एक टक्का दंड कापला जातो. त्यापेक्षा ठेवीवर मिळणारे कर्ज, ज्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त असतो, थोड्या दिवसांच्या गरजेसाठी स्वस्त पडते. मात्र ही सोय अडचणीच्या काळासाठी शिल्लक राहू द्यावी.

आता तारखेविषयी. बंगालच्या उपसागरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा चक्रीवादळांचा काळ असतो आणि त्यानंतर जानेवारी ते एप्रिलच्या पूर्वार्धापर्यंत अंदमानचा समुद्र तुलनेने शांत असतो, म्हणून बोटवाले फेब्रुवारी सुचवतात यात गैर काही नाही. परंतु त्याच आठवड्यांत आपल्या बागेत खुडा, म्हणजे द्राक्षांची तोडणी, चालू असेल, व्यापाऱ्याशी भाव ठरत असेल आणि गाडी भरताना वजनावर नजर ठेवायला घरचा माणूस लागेल. त्या आठ दिवसांत किलोमागे दोन रुपये जरी कमी मिळाले, तर दहा टन मालावर २०,००० रुपये जातात, आणि हा तोटा सहलीच्या कोणत्याच हिशेबात दिसत नाही. खुडा संपल्यावर खरड छाटणीपूर्वी वेलींना पंधरा-वीस दिवसांची विश्रांती दिली जाते, तोच काळ आपल्याला मोकळा मिळतो. मार्चअखेर किंवा एप्रिलचा पहिला आठवडा मागावा. त्यापुढे जाऊ नये, कारण १५ एप्रिल ते १४ जून या काळात पूर्व किनाऱ्यासह अंदमानच्या समुद्रात यांत्रिक मासेमारीला बंदी असते.

या तारखेचा दुसरा लाभ असा की तोवर मालाचे पैसे आलेले असतील. ‘आलेले’ म्हणजे खात्यावर जमा झालेले. व्यापाऱ्याचा शब्द किंवा पुढील तारखेचा धनादेश यात धरू नये, आपल्या जिल्ह्यात बागायतदारांचे पैसे कसे अडकतात हे आपण जाणताच. त्या पैशातून आधी पीक कर्ज फेडावे, कारण ३ लाखांपर्यंतचे पीक कर्ज मुदतीत फेडल्यास केंद्र व राज्याच्या व्याज सवलतींमुळे व्याजाचा भार जवळजवळ उरत नाही आणि मुदत चुकली की ती सवलत हातची जाते. मग छाटणीचा खर्च वेगळा काढावा, राखीव ठेवीत २०,००० घालावेत आणि उरलेल्यातून सहल करावी.

सामानाचे ८०,००० हा मला सर्वांत सैल खर्च वाटतो. जायंट ट्रेव्हलीसारख्या ताकदवान माशासाठी लागणारे जड रॉड आणि आयात रील महाग असतात, आणि गोड्या पाण्यात आपण वापरता ते सामान तिथे टिकणार नाही, हे खरे आहे. पण अशा बोटींवर रॉड-रील बहुधा भाड्याने मिळतात. आरक्षणापूर्वी त्यांचा दर लेखी मागवावा. स्वतःचे म्हणून हातमोजे, पोलराइज्ड चष्मा, पूर्ण बाह्यांचे उन्हाचे कपडे आणि मोजके पॉपर (पाण्यावर तरंगणारी कृत्रिम आमिषे) घ्यावेत. भाड्यासह हे सारे १५,००० ते २०,००० रुपयांत बसवता येईल आणि एकूण खर्च सव्वा लाखाच्या आसपास येईल. लांब रॉडच्या नळीला विमानात जादा आकार पडू शकतो, तोही त्यामुळे वाचेल.

आगाऊ ३०,००० बचत खात्यातून द्यायला माझी हरकत नाही, कारण हंगाम बिघडला तरी एवढा तोटा घर सोसू शकते. मात्र पैसे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: हवामानामुळे बोट निघाली नाही तर पैसे परत मिळतील की पुढची तारीख मिळेल, चौघांपैकी एकाने माघार घेतली तर त्याचा वाटा कोण भरेल, कारण बोटीचे भाडे माणसागणिक नसून दिवसागणिक आहे, आणि बोटीची नोंदणी, प्रवाशांचा विमा, लाइफ जॅकेट व व्हीएचएफ रेडिओ (समुद्रात संपर्कासाठीचे बिनतारी यंत्र) आहेत का. मोठी रुग्णालये श्री विजयपुरम, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरला आहेत आणि बेटांवरून तिथे पोहोचायला काही तास जाऊ शकतात, म्हणून समुद्रातील मासेमारी व तातडीची वाहतूक ज्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे असाच प्रवास विमा घ्यावा.

मित्र नोकरदार असल्याने त्यांना फेब्रुवारीच हवा असेल, तर त्यांना या वर्षी जाऊ द्यावे. आपण पुढच्या वर्षीच्या मार्चअखेरची बोट आत्ताच विचारून ठेवावी आणि यंदाच्या मालाच्या पैशातून सव्वा लाख रुपयांची बारा महिन्यांची वेगळी ठेव त्याच कामासाठी करावी.