चीनमधलं झीगोंग समुद्रापासून इतकं लांब, तरी मिठाचं शहर कसं?

माझं आजोळ उरणकडचं. मीठ म्हटलं की खाडीचं पाणी, मिठागराचे वाफे आणि ऊन, एवढंच डोक्यात. त्यामुळे तुमचा प्रश्न एकेकाळी मलाही पडला होता.

झीगोंग सिचुआन प्रांतात आहे. तिथे समुद्र नाही, ऊनही बेताचंच. सूर्य दिसला की सिचुआनची कुत्री भुंकतात, अशी चिनी म्हणच आहे! मीठ आलं ते जमिनीखालून. शहराचा जुना भाग म्हणजे फूशी नदीकाठचा झीलियूचिंग विभाग. नावाचा अर्थ 'आपणहून वाहणारी विहीर', कारण तिथे खारं पाणी आपोआप वर यायचं. पण खोलवरचं पाणी जास्त खारट, म्हणून लोक खाली खाली जात राहिले.

आता विहीर म्हणजे आपली रहाटाची नव्हे. भोक एवढं अरुंद की माणूस सोडा, घागरही आत जाणार नाही. बांबूच्या दोराला जड लोखंडी पहार बांधायची, फळीवर उड्या मारून ती उचलायची आणि आपटायची, वर्षानुवर्षं. जवळच्याच दा'आन विभागातली शनहाय विहीर अशीच 1823 मध्ये सुरू झाली आणि 1835 मध्ये 1001.42 मीटरवर पोहोचली. हजार मीटरच्या खाली गेलेली जगातली ही पहिली विहीर. इंजिन नाही, वाफ नाही. पाणी वर काढायला बांबूची लांबलचक नळी, तळाशी चामड्याची झडप आणि वर चाक ओढणारे रेडे.

गंमत पुढेच आहे. त्याच जमिनीतून नैसर्गिक वायूही निघायचा. तो बांबूच्या नळ्यांतून थेट खारं पाणी आटवायच्या कढयांखाली नेऊन पेटवायचे. म्हणजे सरपणही फुकट.

नदीचं काम वाहतुकीचं. मिठाच्या होड्या फूशीतून थ्वो नदीत आणि तिथून यांगत्सेत जात. 1853 मध्ये चिनी सम्राटाविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडखोरांनी यांगत्सेकाठचं नानचिंग शहर घेतलं, तेव्हा किनाऱ्याकडचं मीठ आतल्या हूबेई-हूनानला पोहोचेना. ती गिऱ्हाइकं सिचुआनला मिळाली आणि इथले मीठव्यापारी गब्बर झाले. त्याआधीच, अठराव्या शतकात, शान्शीहून आलेल्या व्यापाऱ्यांनी झीलियूचिंगमध्ये बांधलेलं देखणं सभागृह आता मिठाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

कधी गेलात तर शनहायला नक्की जा. तिथे अजून मीठ आटवतात. उकळत्या खाऱ्या पाण्यात सोयाबीनचं दूध ओततात, त्याला चिकटून मळ वर येतो आणि तो झाऱ्याने काढून टाकतात. साखरेच्या पाकातली मळी काढायला आजी दूध घालायची, अगदी तस्संच.