अमेरिकेत शाळेच्या वेळात बंदूक-हिंसेविरोधात बाहेर पडलेल्या मुलांवरून पालकांमध्येच वाद का झाला?

१४ फेब्रुवारी २०१८ ला फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात १७ जण गेले. बरोबर महिन्याने, १४ मार्चला सकाळी दहा वाजता, देशभरातली मुलं वर्ग सोडून बाहेर आली, १७ मिनिटांसाठी. माणशी एक मिनिट.

भांडण बंदुकांवरून होतंच, पण शाळा-शाळांत पेटलं ते हजेरीवरून. काही मुख्याध्यापकांनी मैदान मोकळं करून दिलं. टेक्सासमधल्या नीडव्हिलमध्ये मात्र बाहेर पडाल तर तीन दिवस निलंबन, अशी आधीच तंबी होती. आर्कान्सामधल्या ग्रीनब्रायरमध्ये तीन मुलांना लाकडी फळीचे दोन-दोन फटके बसले. हो, २०१८ मध्ये!

मुलांना असं बाहेर सोडायला विरोध असलेल्या पालकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. आज या विषयाला सूट दिली, तर उद्या गर्भपातविरोधी मुलांना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? शिवाय शे-दोनशे मुलं ठरल्या वेळी उघड्यावर उभी करणं, तेही गोळीबाराच्या भीतीपायी, ही काळजी खरीच होती.

कायदा दोघांनाही अर्धाच पावतो. १९६९ च्या टिंकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळी फीत बांधून वर्गात बसायचा हक्क मान्य केला; तास सोडून जाण्याचा नाही. म्हणजे गैरहजेरीची नेहमीची शिक्षा चालते, पण आंदोलनाचा विषय बघून जास्तीची देता येत नाही.

माझं मत विचाराल तर १७ मिनिटांसाठी तीन दिवस शाळेबाहेर ठेवणं हा अजब हिशेब आहे. मुलांचा अभ्यास बुडतो म्हणूनच ओरड होती ना?